अंतराळयानाला टोचन
– तृतीय वर्ष, मेकॅनिकल

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडे टोचन लावतात. दोर बांधायचा, मागच्या गाडीत एकानं स्टिअरिंग धरून देवाचं नाव घेत बसायचं आणि पुढच्यानं क्लच अगदी अलगद सोडायचा. दोर तुटला तर शिव्या कोणाला, हे आधीच ठरलेलं असतं. बाईक असेल तर दोराचीही गरज नाही, मित्राच्या सायलेन्सरजवळ पाय लावला की काम झालं. या टोचनची जगातली सगळ्यात महागडी आवृत्ती १२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री अमेरिकेत लॉस एंजेलिसला झाली. मागे बांधलेली 'बंद पडलेली गाडी' होती एंडेव्हर हे स्पेस शटल आणि पुढे होती टोयोटाची टुंड्रा नावाची पिकअप.

त्याचा व्हिडिओ अजूनही दर सेमिस्टरला आपल्या हॉस्टेलवर कुणीतरी कुणाला तरी दाखवतो. रात्रीची वेळ, दुतर्फा गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मागे रँडीज डोनट्स या दुकानाच्या छपरावरचा तो राक्षसी डोनट आणि त्याच्यासमोरून पाच मजली शेपटी मिरवत सरकणारं पांढरं धूड. पुढची पिकअप त्याच्यापुढे खेळण्यातली वाटते. व्हिडिओ संपला की दोन पार्ट्या पडतात. पहिली म्हणते, "बाप रे, काय दम आहे गाडीत!" दुसरी म्हणते, "सोड रे, नुसती शायनिंग. जाहिरात आहे सगळी." दोन्ही पार्ट्यांमध्ये माझे जिवलग मित्र आहेत. तरीही दोन्ही चूक आहेत असं माझं मत आहे आणि त्यासाठीच हा लेख. (शिवाय मासिकाच्या मराठी विभागाला मेकॅनिकलकडून काही येत नाही, ही संपादकांची तक्रारही यानिमित्ताने मिटेल.)

आधी प्रसंग नीट समजून घेऊ. एंडेव्हर हे पाच अंतराळगामी शटलपैकी शेवटचं. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं, त्याच्या जागी हे बांधलं, बरंचसं आधीच तयार असलेल्या सुट्या भागांतून. १९९२ ते २०११ या काळात त्यानं २५ उड्डाणं केली. हबल दुर्बिणीला चष्मा लावायला १९९३ मध्ये गेलं ते हेच आणि १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला अमेरिकन भाग नेऊन जोडला तोही यानंच. आपल्याकडे शटल म्हटलं की कल्पना चावला आणि कोलंबिया आठवतं, २००३ चा तो फेब्रुवारी आठवतो. कोलंबिया आणि चॅलेंजर गेली. उरलेली तीन, म्हणजे डिस्कव्हरी, अटलांटिस आणि एंडेव्हर, २०११ मध्ये निवृत्त झाली आणि ती कुणाला द्यायची यावर संग्रहालयांची रांग लागली. एंडेव्हर मिळालं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरला.

'मिळालं' याचा अर्थ फुकट मिळालं असा नाही. यान तयार करून पोहोचवण्यासाठी नासानं प्रत्येकी सुमारे २ कोटी ८८ लाख डॉलर खर्च सांगितला होता. बोइंग ७४७ च्या पाठीवर बसून एंडेव्हर सप्टेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरलं आणि मग शेवटचे १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटर, भर शहरातल्या रस्त्यानं न्यायचे होते. या शेवटच्या टप्प्याचाच खर्च सुमारे १ कोटी डॉलर सांगितला जातो. ३७ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद वस्तू गल्लीबोळांतून नेणं म्हणजे काय, हे ज्यांनी गणपतीची मोठी मूर्ती वायरींखालून काढलेली पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तिथे बांबूनं वायर उचलणारे कार्यकर्ते नव्हते, एवढाच फरक. सिग्नलचे खांब काढले, विजेच्या तारा हलवल्या, सुमारे ४०० झाडं तोडली. झाडांवर पुढे बोलतोच.

हा प्रवास बहुतेक सगळा स्वयंचलित ट्रान्सपोर्टरवर झाला. शंभराहून जास्त चाकांचं हे वाहन, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळणारं. त्याला ड्रायव्हर नसतो. एक माणूस शेजारून चालत जॉयस्टिकनं ते चालवतो. वेग जास्तीत जास्त ताशी दोन मैल. म्हणजे खरं कौतुक कुणाचं करायचं तर त्या जॉयस्टिकवाल्याचं, ज्याला काही ठिकाणी पंखांच्या टोकाशी वीतभर जागा होती. पण त्याचे व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

वाटेत मँचेस्टर बुलेव्हार्ड हा रस्ता ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेवरून पुलानं जातो. एंडेव्हर आणि ते भारी ट्रान्सपोर्टर मिळून होणारं ओझं त्या पुलासाठी जास्त होत होतं. म्हणून पुलाअलीकडे यान एका हलक्या, बिनइंजिनाच्या डॉलीवर घ्यायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा ट्रान्सपोर्टरवर चढवायचं असं ठरलं. डॉलीला इंजिन नाही म्हणजे ओढायला कोणीतरी हवं. इथे टोयोटा पुढे आली. कंपनीचं अमेरिकेतलं कार्यालय तेव्हा जवळच टॉरन्सला होतं आणि सायन्स सेंटरशी तिचे जुने संबंध होते. यान आणि डॉली मिळून वजन २,९२,५०० पौंड, म्हणजे जवळजवळ १३३ टन. गाडी शोरूममध्ये मिळते तशीच, इंजिनात काहीही बदल नाही, असं कंपनीनं ठासून सांगितलं. याच गाडीची अधिकृत ओढण्याची क्षमता मात्र चार-साडेचार टनांच्या आसपास होती!

चार टनांची क्षमता आणि ओढले १३३ टन. पहिली पार्टी इथेच गारद होते. पण सेकंड इयरचं मेकॅनिक्स आठवून हे गणित कागदावर करून पाहा. केटी लागलेल्यांनाही जमेल.

सपाट रस्त्यावर टायरवरची वस्तू ओढायला तिचं पूर्ण वजन पेलावं लागत नाही, फक्त चाकांच्या फिरण्याचा रोध पार करावा लागतो. ट्रकच्या टायरला हा रोध वजनाच्या एक टक्क्याच्या आत-बाहेर असतो. १३३ टनांचा एक टक्का म्हणजे १.३३ टन, सुमारे १३ किलोन्यूटन. आता गाडीकडे या. टुंड्राचं स्वतःचं वजन अडीच टनांच्या आसपास. चारही चाकांना ताकद जात असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर घर्षण गुणांक ०.८ धरून ती रस्त्याला दोन टनांच्या जोरानं रेटू शकते. दोन टन हे १.३३ टनांपेक्षा जास्त. झालं! चमत्कार संपला.

आता ताकदीचं बघू. ताशी दोन किलोमीटर वेग धरला तर १३ किलोन्यूटनसाठी लागणारी पॉवर येते सात किलोवॅटच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा हॉर्सपॉवर. टुंड्राच्या इंजिनात होते ३८१. म्हणजे त्या रात्री एंडेव्हरला पूल ओलांडायला जेवढी पॉवर लागली, तेवढी आपल्या पार्किंगमधल्या ११० सीसीच्या बाईकमध्ये जवळजवळ असते. तिला फक्त बक्कळ गिअर रिडक्शन आणि अडीच टन वजन द्यावं लागेल. (हे वाचून कुणी प्रयोग करू नये. वॉर्डन सर आधीच आपल्या विंगवर नाराज आहेत.)

म्हणजे ३८१ हॉर्सपॉवरचा इथे संबंध फारसा नव्हताच. प्रश्न पकडीचा होता. फोक्सवॅगननं २००६ मध्ये टुआरेग गाडीनं एक जुनं बोइंग ७४७ ओढून दाखवलं, १५५ टनांचं. तेव्हा त्यांनी गाडीत चार टनांहून जास्त लोखंड भरलं होतं. इंजिन कमी पडत होतं म्हणून नव्हे, चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून. त्यांनी ते लपवलंही नाही, पण लोकांच्या लक्षात राहिलं फक्त विमान. २०१७ मध्ये पोर्शे कायेननं पॅरिसच्या विमानतळावर एअर फ्रान्सचं ए-३८० ओढलं. २८५ टन वजन, अंतर ४२ मीटर. म्हणजे क्रिकेटची दोन पिचं! त्याला गिनीजचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्या टाटा मोटर्सकडे २००८ पासून असलेल्या लँड रोव्हरनं २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिस्कव्हरी स्पोर्ट गाडीनं रेल्वेचे तीन डबे ओढले, शंभर टनांच्या वर, तेही तब्बल दहा किलोमीटर आणि ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून. रुळावर लोखंडी चाकाचा रोध टायरच्या कितीतरी पट कमी असतो, म्हणून तिथे दहा किलोमीटर जमले. विमान, रेल्वे, शटल, सगळीकडे तीच युक्ती: वजनाचा आकडा प्रचंड दाखवायचा आणि रोधाचा आकडा कुणाला विचारू द्यायचा नाही.

पण मग दुसरी पार्टी बरोबर का? नाही. फसवणूक म्हणायला काहीतरी खोटं असावं लागतं. यान खरं होतं, वजन खरं होतं, पूल खरा होता आणि पलीकडे जाण्याची गरजही खरी होती. स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर केलेलं काही नव्हतं. तसं पाहिलं तर कोणताही बरा ट्रॅक्टर-ट्रक हे काम करू शकला असता, पण म्हणून पिकअपनं केलं नाही असं होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या जाहिरातीनं जे दाखवलं ते खरं होतं, पण ते गाडी घेणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं.

चार-साडेचार टनांचा तो अधिकृत आकडा कुठून येतो? तो 'किती वजन जागचं हलेल' यावरून येत नाही. अमेरिकेत यासाठी जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा घाट धरलेला आहे, साडेअकरा मैलांची सलग चढण. बाहेर ३८ अंश सेल्सिअस तापमान, एसी पूर्ण चालू, मागे भरलेला ट्रेलर आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. शिवाय ब्रेक, चढावर थांबून पुन्हा निघणं, ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा तोल, हे सगळं तपासायचं. हे झाल्यावर जो आकडा उरतो तो खरा. आणि गंमत अशी की हे मानक मोठ्या कंपन्यांमध्ये सगळ्यात आधी स्वीकारलं ते टोयोटानंच, २०११ च्या मॉडेलपासून. त्यासाठी टुंड्राचा आकडा कॅटलॉगमध्ये कमी करावा लागला तरी त्यांनी तो केला. बाकीच्या अमेरिकन कंपन्या काही वर्षं टंगळमंगळ करत राहिल्या. म्हणजे ज्या कंपनीनं ओढण्याच्या क्षमतेबद्दल सगळ्यात प्रामाणिक आकडा छापला, त्याच कंपनीनं पुढच्याच वर्षी त्या आकड्याला अर्थ उरणार नाही असा तमाशा उभा केला. कॅटलॉग इंजिनियरनं लिहिला आणि जाहिरात मार्केटिंगनं, दुसरं काय! दोन्ही केबिन एकाच इमारतीत असतील आणि लंचला भेटतही असतील.

तमाशा का हवा होता तेही उघड आहे. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या अचानक वेग घेतात, थांबत नाहीत, म्हणून अमेरिकेत केवढा गदारोळ झाला होता. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा दोष आहे का हे शोधायला सरकारनं बोलावलं होतं चक्क नासाच्या इंजिनियरांना! २०११ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला, त्यांना इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पुढच्याच वर्षी टोयोटाच्या गाडीमागे नासाचं यान. योगायोग असेलही, पण जाहिरातवाल्याला यापेक्षा छान योगायोग कुठे मिळणार?

पण गाडी थांबते का, हा प्रश्न त्या व्हिडिओत नाहीच. ताशी दोन किलोमीटर वेगाला ब्रेकची गरजच काय, एक्सलरेटर सोडला की रोधच थांबवतो. तेच १३३ टन मागे घेऊन ती पिकअप समजा ताशी ६० नं चालली असती आणि डॉलीला ब्रेक नसते, तर? एकट्या टुंड्राला ६० वरून थांबायला अठरा-वीस मीटर पुरतात. मागे एंडेव्हर असताना, सपाट रस्त्यावर, गाडी सरळ रेषेत राहिली असं उदारपणे धरूनही, माझ्या गणिताप्रमाणे साडेपाचशे मीटरच्या पुढे. आणि सरळ रेषेत ती राहणार नाही. मागचं वजन पुढच्या गाडीला आडवं करून तिच्यावर चढेल. मग उतार धरा. शंभराला एक एवढा मामुली उतारही १३३ टनांना आणखी १.३३ टनांनी पुढे ढकलतो. उलट तेवढाच चढ असता तर टुंड्राला २.६६ टन ओढ लागली असती आणि पकड होती दोनच टनांची. चाकं गरागरा फिरली असती, धूर निघाला असता आणि यान तिथेच. म्हणजे तो पूल जवळपास सपाट होता हे पुलावर न जाताही सांगता येतं.

हे सगळं अमेरिकेचं झालं, पण ही चूक आपल्या रस्त्यांवर रोज होते. आपल्यातले निम्मे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचे. ऊसतोडीच्या हंगामात घरी जाताना काय दिसतं? एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत वरपर्यंत रचलेला ऊस, पुढची चाकं चढाला जमिनीवर आहेत की हवेत ते ड्रायव्हरलाच माहीत. त्याला विचारा, एवढं झेपतं का? उत्तर ठरलेलं: "वढतंय की!" ओढतंय, हे खरंच आहे. लो गिअरमध्ये ट्रॅक्टर काहीही ओढतो, त्यासाठीच तो बनवलाय. पण कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे धड ब्रेक नसतात आणि कारखान्याच्या अलीकडच्या उताराला सगळा ऊस ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर भरवसा ठेवून येतो. पुण्यात नवले पुलाजवळ काय होतं ते तर सगळ्यांना पाठ आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून लांबलचक उतार येतो आणि खाली अवजड गाड्या आवरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकनं बऱ्याच गाड्यांना उडवलं होतं. त्या उतारावर कुणाचीच गाडी ओढायला कमी पडत नाही.

म्हणून पहिल्या पार्टीला माझं म्हणणं आहे की टाळ्या वाजवा, पण बरोबर काय झालं त्याला वाजवा. ओढणं हा गाडीच्या परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न आहे. बाकीचा पेपर घाटात आणि उतारावर असतो आणि तिथे कॅमेरे नसतात.

आता दुसरी पार्टी, शायनिंगवाले. त्यांचा खरा राग गणितावर नाही. त्यांना वाटतं, एवढं पवित्र यान, अंतराळवीरांनी जीव धोक्यात घालून उडवलेलं, आणि त्याला पिकअपच्या जाहिरातीत उभं करायचं? ही भावना मला समजते. पण मग न करणाऱ्यांचं काय झालं तेही बघू.

सोव्हिएत युनियनचं स्वतःचं शटल होतं, बुरान. १५ नोव्हेंबर १९८८ ला ते माणसाशिवाय उडालं, पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या आणि आपोआप धावपट्टीवर उतरलं. तंत्र म्हणून थक्क करणारी गोष्ट. मग देश फुटला, पैसा संपला, बायकोनूरच्या हँगरमध्ये ते पडून राहिलं. मे २००२ मध्ये त्या हँगरचं छप्पर कोसळलं. आठ कामगार गेले आणि अंतराळात गेलेलं एकुलतं एक बुरान ढिगाऱ्याखाली संपलं. त्याच्या चाचणी मॉडेलांपैकी एक मॉस्कोच्या गॉर्की पार्कमध्ये करमणुकीसाठी ठेवलं होतं, दुसरं सिडनी, बहारीन असं भटकत २००८ मध्ये जर्मनीतल्या एका खासगी संग्रहालयात पोहोचलं. पावित्र्य राखलं गेलं, असं म्हणायचं का याला?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपली विक्रांत घ्या. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात गाजलेली आपली पहिली विमानवाहू नौका. १९९७ मध्ये निवृत्त झाली. मग काही वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती, आपल्यापैकी अनेकांचे आईवडील शाळेच्या सहलीत ती पाहून आलेत. तिला कायमचं ठेवायचं तर खर्च मोठा होता. तो कोणी करायचा यावर चर्चा झाल्या, योजना झाल्या, निविदा झाल्या आणि २०१२ मध्ये धोकादायक म्हणून ती लोकांसाठी बंद केली. २०१४ मध्ये लिलाव झाला, साठ कोटींच्या आसपास रक्कम आली आणि त्याच वर्षी मुंबईच्या दारुखान्यात तिच्यावर गॅस कटर चालायला लागले. त्यातलं थोडं पोलाद पुण्याच्या बजाज ऑटोनं घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली, विक्रांतचं पोलाद टाकीत वापरलेली. गाडी बरी खपली, आपल्याही पार्किंगला एक होती. बजाजला मी दोष देत नाही. भंगारात जाणारं पोलाद त्यांनी घेतलं, निदान नाव तरी लोकांच्या तोंडी राहिलं. पण हिशेब मांडून बघा. तिकडे कंपनीनं यान जिवंत असताना त्याला ओढलं, फोटो काढले, संग्रहालयाला हातभार लावला आणि यान राहिलं. इकडे जहाज वितळल्यावर त्याची जाहिरात झाली. मला विचाराल तर विक्रांतच्या डेकवर एखाद्या टायर कंपनीचा, सिमेंट कंपनीचा, अगदी गुटखा सोडून कुणाचाही बोर्ड मी दहा वर्षं सहन केला असता, जर तेवढ्यानं ती उभी राहिली असती.

शायनिंगवाल्यांनी प्रश्न विचारायचाच तर झाडांचा विचारावा. एंडेव्हरचा रस्ता इंगलवूड आणि दक्षिण लॉस एंजेलिसमधून गेला, जिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्ती मोठी. तिथे सावली आधीच कमी. क्रेनशॉ बुलेव्हार्डवरची मोठी झाडं तोडणार म्हटल्यावर रहिवासी चिडले. दोन दिवसांच्या मिरवणुकीसाठी आमची कित्येक वर्षांची झाडं का, असा सरळ सवाल होता. सायन्स सेंटरला त्यांच्यासोबत बसावं लागलं आणि तोडलेल्यांच्या दुपटीहून जास्त झाडं लावायचं कबूल करावं लागलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ लावलेली पाइनची झाडं तोडायची नाहीत, यान त्यांच्यामधून वळवून काढायचं, असंही ठरलं. इथे मला सौदा पूर्ण पटत नाही. चारशे मोठ्या झाडांच्या बदल्यात हजार रोपं, हे गणित कागदावरच बरोबर येतं. आपल्याकडे रस्तारुंदीत हेच आश्वासन मिळतं आणि रोपांच्या जागी नंतर फक्त लोखंडी पिंजरे उरतात. टोयोटाच्या जाहिरातीत ही झाडं अर्थातच नव्हती.

पण सौदा निदान उघड्यावर झाला. कोणी काय दिलं, कोणाला काय मिळालं, लोकांना माहीत होतं, म्हणून त्यांना भांडता आलं. आणि त्या दोन-तीन दिवसांत लाखो लोक रस्त्यावर आले, त्यात त्याच वस्तीतली पोरं होती. १९९२ मध्ये अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन, गेली होती ती याच यानातून. ते यान त्या पोरांच्या दारावरून गेलं. सतरा-अठरा तास उशिरा पोहोचलं तरी कोणी तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. नंतर कित्येक वर्षं आडवं मांडून ठेवलेलं हे यान जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या क्रेननं उचलून उभं केलं, खरी बाह्य टाकी आणि बूस्टर लावून, जणू आता सुटणार अशा स्थितीत. त्या उचलण्याच्या कामात वाऱ्याच्या वेगापासून नटबोल्टच्या क्रमापर्यंत इतकं काही होतं की आपल्या लोकांनी खरं तर तो व्हिडिओ बघायला हवा.

आता हे सगळं मी का लिहितोय? कारण आपल्या टेक-फेस्टच्या मीटिंगा सुरू झाल्या आहेत. स्पॉन्सरशिप टीमच्या मनात आहे की एखादा इलेक्ट्रिक स्कूटरचा डीलर पकडायचा आणि उद्घाटनाला त्या स्कूटरनं कॉलेजची बस ओढून दाखवायची. स्टाफपैकी काहींना हे कॉलेजच्या प्रतिष्ठेला शोभणारं वाटत नाही. माझं मत, जरूर करा. पैसे येतील, रोबोटिक्सवाल्यांना मोटर घेता येतील, गर्दीही जमेल. अट एकच. शेजारी एक मोठा फळा ठेवा आणि त्यावर बसचं वजन, रोध, स्कूटरच्या मागच्या चाकावरचं वजन आणि घर्षण लिहा. डीलरला ते चालत नसेल तर दुसरा डीलर बघा.

मी ढोबळ गणित करून ठेवलंय. रिकामी बस दहा टन धरली तर शंभर किलोची ओढ लागते. स्कूटर आणि एक स्वार मिळून १८० किलो, त्यातलं साठ टक्के वजन मागच्या चाकावर, म्हणजे पकड मिळते ८५-९० किलोची. चाक जागेवर फिरेल आणि भर कार्यक्रमात फजिती होईल. मागच्या सीटवर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसवला तर जमतं. फोक्सवॅगनला चार टन लोखंड लागलं, आपल्याला मेसचा एक नियमित मेंबर पुरेल. आणि हो, बसच्या स्टिअरिंगवर आपले नेहमीचे ड्रायव्हरकाका बसवा, ब्रेकवर पाय ठेवून. इंजिन चालू ठेवायला सांगा, नाहीतर हवेचे ब्रेक भरणार नाहीत. मुख्य इमारतीपुढच्या रस्त्याला गेटकडे उतार आहे, म्हणून तिथे नको, ग्राउंडमागचा रस्ता घ्या. तो सपाट आहे, मी लेव्हल लावून पाहिलाय.